बरकतीचा रुपया

प्लास्टिकची खुर्ची लग्नात न्यायच्या लायकीची आहे की नाही, हे तपासायची आमच्या रस्त्यावर एकच पद्धत होती. तिच्यावर काकाजी बसायचे. नवा माल आला की दुकानासमोर खुर्च्यांची रांग लागायची आणि एकशे दहा किलोचे काकाजी पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत बसत-उठत, बसत-उठत जायचे. बसल्यावर डोळे मिटायचे, डावीकडे कलायचे, उजवीकडे कलायचे आणि मग निकाल द्यायचे. "हे चालते." "हे लेकरायच्या पंगतीले." "हे वापस." एखादी खुर्ची मोडलीच, तर जमिनीवर बसल्या-बसल्याच, जराही न लाजता, माल घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचे, "पाह्यलं? मी पडलो तं चार जन हसले. नवरदेवाचा मामा पडला असता तं सोयरीक मोडली असती."

तेव्हा अकोल्यात लग्नपत्रिका छापायची माझी प्रेस होती आणि भिंतीला भिंत लागून काकाजींचं बिछायत केंद्र. मंडप, गाद्या, खुर्च्या, वरण-भाताचे मोठाले गंज, पराती, झारे, म्हणजे लग्नाला जे जे लागतं आणि कोणाच्याच घरी नसतं, ते सगळं भाड्यानं देणाऱ्या दुकानाला वऱ्हाडात बिछायत केंद्र म्हणतात. आमचा धंदा एकाच झाडाचा. लग्न ठरलं की माणूस आधी माझ्याकडे येतो, मग त्यांच्याकडे, असं माझं म्हणणं. काकाजींना ते मान्य नव्हतं. "पत्रिका नसली तरी लोक येतात," ते म्हणायचे, "गंज नसला तं आलेले वापस जातात."

सगळा बाजार त्यांना काकाजी म्हणायचा. त्यांचं खरं नाव बिलबुकावर छापलेलं होतं. मीच छापलं होतं. पण बिल ते कोणालाच देत नसत, त्यामुळे नावाचा बोभाटा झाला नाही.

माणसं ओळखायची त्यांची स्वतःची विद्या होती. "मानूस कसा आहे हे भांडे नेताना नाही कयत. वापस आनते तेव्हा कयते." परत आलेल्या गंजात ते कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायचे, बोट नाकाशी न्यायचे आणि त्या घराची कुंडली मांडायचे. एकदा एक मुलीचा बाप माझ्याकडे पत्रिकेचे नमुने पाहत बसला होता. काकाजी सहज डोकावले, मुलाकडच्यांचं आडनाव विचारलं आणि एकदम गंभीर झाले. "भाऊ, तुमची पोरगी, तुमी जाना. पन त्यायनं मागच्या साली माहा गंज बुडाले जाळला, अन् जळकं बूड खाली करून वापस ठेवला. जळला तं जळला, सांगाले काय झाल्तं?" तो बाप नमुने तसेच ठेवून उठला. सोयरीक मोडली. माझ्या दोनशे पत्रिका गेल्या, त्यांचा मंडप गेला. मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "लपवनारं घर आहे ते. तुमी छापली असती का त्याच्यावर सोन्याची शाई?"

ज्या ज्या लग्नात त्यांची भांडी, त्या त्या लग्नात ते आमंत्रणाशिवाय हजर. जेवत मात्र नसत. कोणी आग्रह केला की हात जोडायचे, "मी जेवाले नाही आलो बाप्पा. माह्या झाऱ्याले भेटाले आलो." आणि खरंच, वाढप्यांच्या मागे उभं राहून ते झाऱ्यांवर नजर ठेवायचे, एखादा झारा गंजाच्या काठावर जोरात आपटला गेला की यांच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, मात्र ते जात नसत, आणि तेरवीच्या भांड्यांचं भाडंही घेत नसत. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "लग्नावाल्याकडून जास्तीचं घेतो ना."

त्यांचे दोन नियम मात्र तुम्हाला नीट सांगायला हवेत. त्याशिवाय पुढचा तमाशा कळायचा नाही.

पहिला नियम पाण्याचा. कोणीही बुकिंगला आलं की काकाजी तारीख विचारत नसत, माणसं किती ते विचारत नसत. पहिला प्रश्न, "पानी कुठून आनता?" अकोल्यात नळ स्वतःच्या मर्जीनं येतो. ज्याच्या घरी खरोखर लग्न असतं, तो या प्रश्नावर बांध फुटल्यासारखा बोलू लागतो: टँकरवाला काय म्हणाला, शेजाऱ्याची बोअर कशी ऐन वेळी बसली, साळा कुठल्या विहिरीवर मोटार लावणार आहे. ते सगळं रामायण ऐकून झालं की काकाजी वही उघडायचे. जो म्हणाला "पाहू मंग", त्याला चहा मिळायचा, तारीख मिळायची नाही. "ज्यानं पान्याचा इचार केला त्याच्या घरी लग्न आहे. बाकीचे भाव इचाराले फिरतात."

दुसरा नियम रुपयाचा. गिऱ्हाइकानं पैसे दिले की त्यातला एक रुपया काकाजी त्याच्या तळहातावर परत ठेवायचे. "धरा. बरकत राहू द्या तुमच्या घरी." सगळे पैसे घेतले तर देणाऱ्याचं घर रिकामं होतं, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं. पुढे मोबाईलवरून पैसे यायला लागले, दुकानाच्या खांबावर कोड चिकटला, आणि काकाजींपुढे धर्मसंकट उभं राहिलं. आता रुपया ठेवायचा कोणाच्या हातावर? त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते मोबाईलवरूनच एक रुपया परत पाठवू लागले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत, एका बोटानं. एकेका रुपयाला दहा-दहा मिनिटं.

"अजी," काकू आतून ओरडायच्या, "एका रुपयासाठी मोबाईल धरून बसता, तेवढ्यात दोन गिऱ्हाईकं उठून गेले!"

"गिऱ्हाईक जाऊ दे वं. बरकत नाही गेली पाह्यजे."

काकू म्हणजे काकाजींच्या अर्ध्या वजनाच्या आणि दुप्पट आवाजाच्या. दुकानाचं खातं काकूंच्या नावावर होतं. काकाजींच्या हाती फक्त दुकानाचा मोबाईल आणि त्याचा पिन; पासबुक कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला. त्याच खात्यात काकूंचे स्वतःचे पैसेही होते. दोन उन्हाळे त्यांनी शेवया आणि कुरडया करून विकल्या होत्या, आणि त्यांना हवं होतं शेवयांचं मोठं मशीन. पीठ टाकलं की शेवया बाहेर. काकूंनी ते मशीन इतक्यांदा हातवारे करून समजावलं होतं, की आमच्या रस्त्यावरचा कोणीही माणूस ते डोळे मिटून जोडू शकला असता.

आता माझ्याविषयी एक. मी मूळचा अमरावतीचा. हा काकाजींच्या दृष्टीनं माझा जन्मदोष. अमरावतीकरांना पंगत वाढता येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. "तुमच्याकडं वरन वाढतात का वरनाचा फोटो दाखोतात?" मी म्हणायचो, "अकोल्यात ऊनच एवढं, की वरण आपोआप शिजतं. त्यात तुमच्या गंजाचं काय कौतुक?" असं आमचं रोज चालायचं. चाळीस वर्षं धंदा करून काकाजींची बिछायत मूर्तिजापूरच्या पुढे गेली नव्हती. अमरावतीत आपल्या खुर्च्या लागाव्यात, आणि त्यांवर अमरावतीकर बसावेत, हे त्यांचं मनातलं फार जुनं स्वप्न होतं. ते स्वप्न कोणा भामट्याच्या हाती लागेल, असं कोणाला वाटलं असतं?

त्या दिवशी काकू माहेरी गेल्या होत्या, हिवरखेडला. तिथल्या कोणाकडे तसलंच मशीन विकायला निघालं होतं. ते पाहून, पक्कं करून त्या दुपारच्या बसनं परतणार होत्या. अकराच्या सुमारास काकाजींचा फोन वाजला. फोन ते नेहमी स्पीकरवर ठेवून, हातात ताटासारखा आडवा धरून बोलायचे. मी समोरच बसलो होतो.

पलीकडचा माणूस कडक हिंदीत म्हणाला, की मी मेजर बोलतोय. नांदगाव पेठजवळ कॅम्प लागलाय. तीनशे खुर्च्या, मोठी भांडी, मंडप, तीन दिवसांसाठी.

काकाजींनी फोनवर तळवा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचं वर्णन मला अजून जमलेलं नाही. "नांदगाव पेठ! म्हंजे अमरावती! अमरावतीतल्या बिछायती मेल्या का सगळ्या? पाहा, अकोल्याले फोन आला!"

मग घसा साफ करून त्यांनी आपल्या खास हिंदीत नियमाचा प्रश्न टाकला. "साहब, पानी कहां से लाओगे?"

"पानी की कोई चिंता मत कीजिए, सब हो जाएगा."

काकाजी थबकले. मी पाहिलं. क्षणभर त्यांची भुवई वर गेली, वही बंद करायला हात उचलला गेला. पण मग बहुधा त्यांना ते तीनशे अमरावतीकर दिसले, आपल्या खुर्च्यांवर ओळीनं बसलेले. हात खाली आला.

मेजरनं भाव केला नाही. जे सांगितलं ते कबूल. "मोठा मानूस," काकाजी मला खुणेनं म्हणाले. आणि मग मेजर जे बोलला, त्यानं काकाजी पुरते विरघळले. मेजर म्हणाला, आमच्याकडे पैसे देण्याची एक रीत आहे. आधी तुम्ही एक रुपया पाठवा, आम्ही दोन परत पाठवतो, खातं बरोबर आहे असं कळलं की पूर्ण इसार.

"आयकलं?" काकाजींचे डोळे पाणावले होते, खोटं सांगत नाही. "यायच्यातबी रुपया वापस देतात! संस्कार पाहा!"

त्यांनी दहा मिनिटं खर्चून एक रुपया पाठवला. दोन आले. आता कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. काकाजींनी त्यातला एक परत पाठवला.

"सर, ये क्यों भेजा?" मेजर गोंधळला.

"बरकत का है साहब. आपके घर में रहने दो."

मेजरनं घाईघाईनं पुन्हा दोन पाठवले. काकाजींनी पुन्हा एक परत केला. असं चार वेळा झालं. "नहीं साहब, ऐसा कैसा? तुमारा जादा आया." "सर, रख लीजिए!" "नहीं रखता साहब, हमारे में नहीं रखते." तो भामटा त्या दिवशी घामाघूम झाला असेल. त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच समोरचा माणूस पैसे परत करण्यात त्याच्यापुढे पळत होता.

मी हसत होतो. पण पुढे काय होणार, ते मला पाठ होतं. आठ महिन्यांपूर्वी हेच नाटक माझ्याबरोबर झालं होतं. तेव्हा मेजर नव्हता, एका मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक होता, त्याला दोन हजार प्रगतिपुस्तकं हवी होती. एक रुपया गेला, दोन आले, मग एक कोड आला, तो स्कॅन करून मी पिन टाकला, आणि माझे बावीस हजार गेले. मी कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. घरीसुद्धा नाही.

"काकाजी, जरा थांबा," मी म्हणालो. "मला हे काही बरोबर..."

"प्रेसवाले," काकाजी फोन छातीशी धरून म्हणाले, "तुमच्या गावाले आमची बिछायत चालली म्हनून पोट दुखून राह्यलं तुमचं. मले समजते."

एका वाक्यात त्यांना थांबवता आलं असतं. 'काकाजी, मलाही असंच फसवलं,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य दातांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. तेवढ्यात माझ्या दुकानातून कोणी गिऱ्हाइकानं हाक मारली आणि मी उठलो. सुटलो, असं वाटलं मला. ते वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

अर्ध्या तासानं लक्षात आलं, की भिंतीपलीकडून आवाज येत नाहीये. काकाजींच्या दुकानातून आवाज न येणं म्हणजे गिरणीचा भोंगा न होणं. मी गेलो. काकाजी एका खुर्चीवर बसले होते, मांडीवर मोबाईल, समोर चहा, चहावर साय.

"गेले का?" मी विचारलं.

"कोन?"

"पैसे."

"कोनते पैसे?" मग अगदी बारीक आवाजात, "अठ्ठेचायीस. पह्यले चोवीस गेले. तो म्हने अटकले, पुन्हा करा. मंग पुन्हा चोवीस." त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला. "पैसे येनार होते ना बाप्पा. मंग पिन काहून लागला?"

मी धावत दुकानात गेलो आणि एक पत्रक घेऊन आलो. एका बँकेसाठी दोन हजार प्रती मीच छापल्या होत्या. 'पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही.' 'फसवणूक झाल्यास ताबडतोब या नंबरावर कळवा.' खाली सरकारी नंबर. प्रूफ मी स्वतः तपासलं होतं. एकही चूक नव्हती.

"काकाजी, अजून तास झाला नाही. लगेच तक्रार केली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवता येतात. उशीर झाला की ते पुढच्या खात्यात, तिथून पुढच्या, आणि मग गेले. खातं काकूंचं आहे ना? खात्याचा नंबर?"

"पासबुकात. कपाटात. किल्ली तिच्या कमरेले."

"मग काकूंना फोन लावा."

"नाही लावत."

"काकाजी!"

"ते तिकडं मशीन पक्की करून येऊन राह्यली. परवा पैसे द्याचे हायेत तिले. अन् मी तिले गाडीत सांगू, का तुह्यी मशीन मी फोनवर देऊन टाकली? दोन मयन्यात भरून टाकतो मी. तिले कायलंच नाही पाह्यजे. अन् बाजार काय म्हनंन? अमरावतीवाल्यानं फसोलं काकाजीले."

"तो अमरावतीचा नव्हता हो. कुठे तरी लांब बसलेला असेल."

"मंग तं अजूनच वाईट!"

घड्याळ पुढे चाललं होतं. मला एकदम काकाजींचाच तो जळका गंज आठवला, बूड खाली करून ठेवलेला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "काकाजी, मलाही फसवलं. आठ महिन्यांपूर्वी. याच रुपयानं. बावीस हजार."

काकाजींनी मान वर केली. "तुमाले?"

"मला."

"हे पत्रक छापाच्या आधी का छापल्यावर?"

"छापल्यावर."

सुरुवातीला नुसतं पोट हललं. मग खांदे. मग एकशे दहा किलोंचं सगळं हसू एकदम बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी, मांडीवर थापा, "प्रूफ तपासून फसला! बाप्पा बाप्पा! प्रूफ तपासून!" समोरचा पानवाला पाहायला आला. मीही हसू लागलो, दुसरं काय करणार?

आणि मग ते हसायचे थांबले. माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "मंग सकायी काहून नाही सांगतलं?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. "लावा फोन," म्हणाले.

काकूंची बस अकोटहून निघाली होती. एसटीच्या खडखडाटात काकूंना काही ऐकू येईना, म्हणून त्यांनीही फोन स्पीकरवर टाकला. म्हणजे काकाजींनी जे सांगितलं, ते आधी हळू, मग मोठ्यानं, मग गळा फाडून, ते अख्ख्या बसनं ऐकलं. "मी फसलो वं! मशीनचे पैसे गेले! मीच पाठोले!"

पलीकडून नुसतं इंजिन ऐकू आलं. मग कोणी प्रवासी ओरडला, "काका, पिन टाकला का तुमी?" दुसरा म्हणाला, "टाकलाच असंन, त्याच्याबिगर जाते का!" आणि काकाजींना कोण जाणे कुठून हुरूप आला. "अन् मी एकलाच नाही! आमचा प्रेसवालाबी फसला! सावध राहा म्हनून पत्रक छापलं, अन् सोताच फसला! बावीस हजार!"

बसमध्ये हास्याचा स्फोट झाला. आठ महिने जपलेलं माझं गुपित, एक एसटीभर.

"हासनं मंग करा," काकूंचा आवाज आला. "काय करा लागते ते सांगा."

पुढचं सगळं मी केवळ ऐकलं, पण पाहिल्यासारखं आठवतं. बसच्या मागच्या सीटवर कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी होती. तिनं स्वतःच्या फोनवरून तो सरकारी नंबर लावला. रेंज जायला लागली, तशी कंडक्टरनं घंटी मारून गाडी एका लिंबाखाली उभी करवली. कोणी तरी कुरकुरलं, "माही कोर्टाची तारीख हाय ना भाऊ."

"तारीख पुढं जाते," कंडक्टर म्हणाला, "पैसे थांबत नाही. बसा गुपचूप."

काकूंनी खात्याचा नंबर तोंडपाठ म्हटला, न अडखळता. काकाजी माझ्याकडे पाहून पुटपुटले, "मले वाटे पासबुकात आहे." व्यवहाराचा बारा आकडी नंबर आमच्याकडे मोबाईलवर होता. मी एकेक आकडा वाचायचो, काकूंच्या फोनमधून तो बसमध्ये जायचा, मागच्या सीटपर्यंत ऐकू जावा म्हणून प्रवासी तो मोठ्यानं म्हणायचे, आणि ती मुलगी पुढे सांगायची. "सात!" "सात!" "शून्य!" "शून्य!" पाढे म्हणणाऱ्या शाळेसारखी ती बस रस्त्याच्या कडेला उभी होती. दुसऱ्या व्यवहाराचे आकडे संपले, मुलगी म्हणाली, "नोंदवली, आजी," आणि कंडक्टरनं डबल घंटी मारली.

पैसे अडले. सगळे नाहीत. पंधरा हजार तोवर पुढे निसटले होते, तेहतीस अडकले. ते परत मिळवायला काकूंनी नंतर किती खिडक्यांवर किती अर्ज दिले, तो वेगळा पुराणग्रंथ आहे. मशीन आलं, पण हिवरखेडचं नाही, ते तोवर विकलं गेलं होतं. दुसरं आलं, आणि एक हंगाम उशिरा आलं.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची संध्याकाळ.

काकू ऑटोतून उतरल्या. पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, काकाजींकडे पाहिलं. काकाजी खुर्च्यांच्या चळतीमागे शक्य तेवढे लपले होते. म्हणजे फारसे नाही.

"जेवले का?"

"नाही."

"काहून? मेजरनं डबा नाही पाठोला?"

एवढंच. त्या दिवशी तरी एवढंच. मग त्या माझ्याकडे वळल्या. "प्रेसवाले भाऊ, वहिनीले सांगतलं का तुमी?"

"अजून नाही, काकू."

"मंग निंगा लवकर. गाडीत तुमच्या गल्लीतली एक बाई होती. चौकात उतरली, अन् भाजी घेऊन घरी जातो म्हने."

काकाजींनी चपला शोधल्या, पायात अडकवल्या आणि माझा दंड धरला. "चला. मी येतो संगं. एकल्यानं सांगाची गोष्ट नाही हे."

भाजी घेऊन चाललेल्या त्या बाईंना आम्ही ऑटोनं गल्लीच्या तोंडाशी गाठून मागे टाकलं. घरी माझी बायको तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत काकाजी खाली बसले. "वहिनी, पह्यले माही आयका." आणि त्यांनी आपली गोष्ट सांगितली. जशी झाली तशी नव्हे. मेजरचा जनरल झाला, चार रुपयांचे चाळीस झाले, अठ्ठेचाळीसचे ऐंशी हजार झाले. स्वतःचा मूर्खपणा त्यांनी असा रंगवला, असा फुगवला, आपल्याच हिंदीची अशी नक्कल केली, की बायकोच्या हातातलं सूप बाजूला पडलं आणि ती डोळे पुसू लागली. ज्या माणसाला दुपारी स्वतःच्या बायकोला सांगायची लाज वाटत होती, तो हा. मला कळत होतं, ते ऐंशी हजार कोणासाठी होते. त्यापुढे माझे बावीस अगदीच किरकोळ दिसणार होते.

ती हसून दमली, तेव्हा त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "आता तुमी."

मी दोन वाक्यांत उरकलं. बायको माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला दिसलं, की ती गेले आठ महिने एकेक करून आठवते आहे: तिची पुढे ढकललेली साडी, घराचा राहिलेला रंग, आणि दर वेळी मी गायलेलं कागदाच्या भावाचं रडगाणं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "कागद महाग झालाच नव्हता?"

मी फरशीकडे पाहिलं. काकाजी घाईनं पुढे सरसावले.

"झाल्ता ना वहिनी, झाल्ता! मी सोता पाह्यला." मग माझ्याकडे एक नजर टाकून, सुस्कारा सोडून म्हणाले, "पन एवढा नाही."